शेठचा घास

पंचवटी, नाशिक
७ नोव्हेंबर २०२५

चि. दिनेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोनवर शेठचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. घाट असो की सपाट रस्ता, बरोब्बर त्याच वेळी जाते. म्हणून कागद घेतला. कुंदनची गाडी उद्या गुवाहाटीला निघतेय, त्याच्या हातात देते. कागद काही तुला मध्येच कट करता येणार नाही.

खानावळ ठीक चाललीय. थंडी पडली तशी बाजरीची भाकरी मागणारे वाढलेत. चिमणाबाई दिवसभर थापतात आणि दिवसभर कुरकुरतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

शेठ तसेच आहेत. म्हणजे तसे नाहीत. पुढच्या उजव्या पायाची सूज वाढलीय, तो पाय ते टेकवतच नाहीत. पण ऐट? काडीची कमी नाही. विंचूरच्या मार्केटात कांद्याच्या ढिगावर व्यापाऱ्यासारखं बसलेलं पिल्लू तू उचलून आणलंस आणि म्हणालास, ताई, हा शेठ आहे, याला अरेतुरे करायचं नाही. तेव्हापासूनची ती ऐट. अजूनही गिऱ्हाईक आलं की तीन पायांवर उठून उभे राहतात, आणि माणूस बसला की मगच बसतात. मी म्हणते, "शेठ, बसा हो, हॉटेल तुमचंच आहे." ऐकतील तर शपथ!

आणि चिमणाबाईंची गंमत ऐक. संध्याकाळी त्यांना कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत सोडायला जायचं, हा शेठचा नेम तुला माहीतच आहे. पाय दुखतोय म्हणून नेम मोडला नाही. लंगडत लंगडत जातात. परवा चिमणाबाईंना राहवलं नाही, त्या शेठना सोडायला परत दारापर्यंत आल्या. आता बाई एकटी परत कशी जाणार, म्हणून शेठ पुन्हा उठले! मग त्या पुन्हा आल्या. शेवटी मी आतून ओरडले, "अहो, दोघांपैकी एकाने तरी घरी जा!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. असो.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी दवाखान्यात आपण दोघं होतो. डॉ. निकिता म्हणाल्या, हाडाचा कॅन्सर आहे, फुप्फुसातही उतरलाय, आता पाय कापूनही उपयोग नाही, फक्त दुखणं कमी ठेवता येईल. मी देवाचं नाव घेत बसले होते. मग त्यांनी विचारलं, खायला काय काय देता? आणि मी शहाणी मोठ्या कौतुकाने सांगायला लागले. आमचं कुलदैवत खंडोबा, कुत्रं म्हणजे देवाच्या सोबतचं जनावर, म्हणून चंपाषष्ठीच्या नैवेद्याचा पहिला घास शेठचा. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. माझा भाऊ स्वतःच्या हाताने भरवतो, आणि शेठ जेवल्याशिवाय घरात कुणी ताटाला हात लावत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "कांदा? ताई, कुत्र्याला कांदा विषासारखा असतो. अजिबात देऊ नका."

तुझं तोंड तेव्हाच उतरलं. मी पाहिलं. संध्याकाळी गाडी भरायचीय म्हणून गेलास, तो गेलासच.

अरे वेड्या, आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला कांदा वाईट असतो हे सांगणार कोण? आपण चक्कर आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा धरतो! तरी परवा गोळ्या आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे कांद्याने झालं का? त्या म्हणाल्या, नाही. कांद्याने रक्त बिघडतं, हाडाचा कॅन्सर होत नाही. मोठ्या अंगाच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना हा होतो, कुणाच्या हातून होत नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा हसून म्हणाल्या, "तुमच्या भावाला माझ्याकडे पाठवा, मी समजावते."

आणखी एक म्हणाल्या. शेठ आवडीचा घास नको म्हणतील, त्या दिवशी मला फोन करा, मग त्यांना उगाच रखडवायचं नाही.

या महिन्यात चंपाषष्ठी आहे. तळी उचलायला शेजारचा रविराज आणि त्याची मंडळी येतील, पाच जण होतात. भरीत या वर्षी बिनकांद्याचं करणार. देवाला तसं सांगून ठेवलंय, तो काही बोलला नाही. तुला मी बोलावत नाही. गाडी, भाडं, मालक, सगळं मला कळतं. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचा तो घास शेठनी कधी घेतलेला नाही, एवढं तुला माहीत असावं.

रस्त्यावर कुठल्याही ट्रकचा हॉर्न वाजला की शेठ अजून मान वर करतात.

तुझी ताई,
आशा


पंचवटी, नाशिक
६ डिसेंबर २०२५

चि. दिनेश,
आशीर्वाद. पोटभर जेवत जा.

कुंदनची बायको सांगत होती, तिकडे धुकं फार आहे. गाडी जपून चालव. तू विसरलेलं मफलर मी धुऊन ठेवलंय. शेठच्या पोत्यावर सापडलं. तू विसरलास की मुद्दाम ठेवलंस, ते मी विचारत नाही.

तू चंपाषष्ठीला आलास, त्याने माझं मन किती भरलं ते तोंडावर सांगता आलं नाही. दोन दिवस झोप नसलेला, डोळे लाल, आणि येऊन थेट शेठच्या पोत्यावर बसलास. शेठनी तुझे दोन्ही कान चाटून काढले. भंडारा उधळला, येळकोट झाला, बिनकांद्याचं भरीत बघून रविराजने तोंड वाकडं केलं, "आशाताई, नाशकात राहून हे काय?" मी म्हटलं, "गप जेव, नाहीतर तेही मिळणार नाही." सगळ्यांनी तेच खाल्लं. जे शेठना चालत नाही ते आपल्यालाही नको, एवढा मान त्यांचा झालाच पाहिजे ना?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाडी चालवताना तुला कळू नये म्हणून मी थांबले. तू गुवाहाटीला गाडी लावल्यावर फोन केला, शेठ गेले म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी सुई दिली म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "ताई, माझ्या हातचं जेवला होता ना तो? जेवत होता तर घाई का केलीस?" आणि फोन ठेवलास. राग नाही. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

दिनेश, तू घास पुढे केलास तेव्हा डोळे मिटून घेतले होतेस. तो नको म्हणाला तर तुला ते बघायचं नव्हतं. म्हणून काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी समोर होते, मी पाहिलं.

शेठनी घास हुंगला. मग तुझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे कितीतरी वेळ बघितलं. मग अगदी हळू, तुझ्या बोटाला दात न लावता, तो घास तोंडात घेतला. तू डोळे उघडलेस, "जेवला! ताई, जेवला!" म्हणून लहान पोरासारखा ओरडलास. सगळे ताटावर बसले.

त्यांनी तो गिळला नव्हता रे. गालात धरून बसले होते. तू जेवलास, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलास, कानात काहीतरी बोललास, गाडीकडे गेलास. शेठ तुझ्या मागे फाटकापर्यंत लंगडत आले, शेपूट हलवली. तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी मान खाली करून तो घास हळूच फाटकाशी ठेवला. आख्खा. भाकरी ओली झाली होती, पण तिला एकही दात लागला नव्हता.

मी तिथेच खाली बसले. असलं शहाणपण मी माणसात पाहिलं नाही. आपल्याला काय, पोट दुखलं की घर डोक्यावर घेतो. एवढ्या दुखण्यात या जनावराला तुझं मन राखायचं सुचलं. घशाखाली काही उतरत नसताना आपल्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं?

शेठ जेवले नव्हते, म्हणून मीही त्या दिवशी जेवले नाही. आपला नेम तसाच आहे ना. ताट झाकून ठेवलं आणि डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, एक दिवस वाट बघू. दुसऱ्या दिवशी शेठनी दूधही घेतलं नाही. पण संध्याकाळी चिमणाबाई निघाल्या तशी मान उचलली, उठायला गेले, उठता येईना. चिमणाबाईंनी चप्पल काढली आणि तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, "आज मला कोण सोडणार? मी हितंच थांबते." रात्रभर थांबल्या.

सकाळी डॉक्टर घरी आल्या. माझ्या मांडीवर डोकं होतं. मी तुझं मफलर त्यांच्या नाकाशी धरलं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला, त्यांनी कान टवकारले, आणि तसेच गेले. दुखलं नाही. रविराजच्या मळ्यात, बांधावरच्या आंब्याखाली ठेवलं. चिमणाबाईंनी मूठभर भंडारा टाकला.

हे सगळं तुला सांगावं की नको, या विचारात मी कितीदा कागद बाजूला ठेवला. पण नाही सांगितलं तर जन्मभर तू म्हणशील, ताईने जेवत्या कुत्र्याला मारलं. आणि मनातल्या मनात म्हणशील, मीच कांदा घालून त्याला संपवलं. मला दोन्ही नको. तुझ्या हाताला विषाचा वास असता, तर त्याने तोंड फिरवलं असतं. त्याने ते केलं नाही. सगळं जग नको झालं होतं तेव्हाही तुझ्या हातचा घास त्याने खाली पडू दिला नाही, तू वळणापलीकडे जाईपर्यंत.

पुढच्या चंपाषष्ठीला ये. भरीत बिनकांद्याचंच होईल. पहिला घास घेऊन दारात उभं राहायला आपल्या घरात तूच लागशील. कुठल्या ना कुठल्या कुत्रीचं पिल्लू रस्त्यावरून येईलच.

त्या वेळी डोळे मात्र उघडे ठेव.

तुझी आणि शेठची,
ताई