डाव्या हाताची शाई

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार समोर आल्यावर वाकून करेन. आधी बातमी.

ऑफिसातलं जन्मनोंदीचं रजिस्टर अजून शाईच्या पेनानेच भरावं लागतं. नवी पेनं वर्षभरात गळायला लागतात, म्हणून काल दुरुस्तीवाल्याकडे जुनं, दणकट पेन बघायला गेले. त्याने सहा पेनं शाई भरून पुढ्यात ठेवली. पाच ठीकठाक होती. सहावं, जाड टोपणाचं काळं, कागदावर खरखरत होतं.

"ते राहू द्या बाई," तो म्हणाला. "चाळीस वर्षं डावखुऱ्या माणसाने वापरलंय. पेनाला काही होणार नाही, पण निब त्याच्याच हाताने झिजलीय."

मी पेन डाव्या हातात घेतलं. झरझर चाललं! घासाघीस न करता घेऊन आले.

हे पत्र त्यानेच लिहितेय. अक्षर दुसरीतल्या मुलीचं वाटेल, कारण या हाताची शाळा तुम्ही दुसरीतच बंद केलीत. रोज संध्याकाळी माझ्या डाव्या हाताची कड तपासायचात, आठवतं? ओल्या ओळीवर हात घासून शाई लागलेली असायची आणि माझी चोरी पकडली जायची.

परवा माझ्या लेकीच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून तुम्ही उजव्यात दिलीत. मी गप्प बसले, ते चुकलंच.

पत्र पाठवत नाही. लाल शाईने चुका काढून परत कराल. रविवारी तिला घेऊन स्वतःच येतेय. खुशाल हात तपासा. तीही याच पेनाने लिहील; दोघींचेही निळे असतील, आणि आम्ही ते धुऊन येणार नाही.

तुमची,
डावरी