काळी फीत

सिद्धगडपायथा, ता. मुरबाड
१२ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

तुमच्या बचाव पथकाविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. भूकंपाच्या सरावात जखमी व्हायला या, म्हणालीस. मी इस्त्रीच्या सदऱ्यात, एसटीने, वेळेआधी जखमी व्हायला आलो. गुडघ्यावर कुंकवाचं रक्त माखून शहापूरच्या मैदानात आडवा झालो, आणि तुमच्या त्या शिकाऊ कुणालीने मनगटाला काळी फीत बांधली! शेजारी पडलेल्या धाऊने कानाशी तोंड आणून सांगितलं, की मास्तर, तुमी गेलात. लाल फितीवाल्यांना स्ट्रेचर, हिरव्यांना चहा-वडा, आणि मी अव्ययासारखा पडून! जन्मभर संस्कृत शिकवत आलो, पण इतक्या झटपट मला भूतकाळात कोणी घातलं नव्हतं.

परवा इथे पुन्हा जमीन हलली. शेजारची राही म्हणाली, की भांडी वाजली. मला टांगलेला बल्ब झुलताना दिसला, एवढंच.

फोन करू नकोस, फोनवर तुझं व्याकरण ढासळतं. पत्रच लिही. चुलत्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कै. दामूकाका

शहापूर
१९ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न.

‘कै.’ वाचून हसले, मग रागावले. चूक कुणालीची आहेच. श्वास पाहिल्याशिवाय काळी फीत बांधायची नसते. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, की ताई, मी भोंग्यावरून चारदा ओरडले, चालता येतंय त्यांनी आंब्याखाली या. सगळे उठले, काका नाय हलले, मला वाटलं त्यांना मेल्याचंच सोंग दिलंय.

काका, तुमच्या सोंगाच्या चिठ्ठीवर तर नुसता खरचटलेला गुडघा होता. खऱ्या भूकंपात जखमी ढीगभर आणि आम्ही चौघी. म्हणून आधी हाक मारतो. उठून येतो तो हिरवा, मग उरलेल्यांकडे धावायचं. तुम्ही का उठला नाहीत? झोप लागली की हट्ट? आणि फोन का उचलत नाही? काकी गेल्यापासून एकटे आहात, तिथे जमीन हलतेय. खरं लिहा. लोभ आहेच, तो रागासकट घ्या.

वैष्णवी

सिद्धगडपायथा
२४ जानेवारी

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

झोप नाही, हट्टही नाही. कुणालीला बोलू नकोस. तिने चारदा हाक मारली, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तुझी काकी होती तोवर निभावलं, ती हात लावूनच बोलायची. आता फोनमध्ये नुसती घरघर येते. वर्गात पोरांचे ओठ वाचतो. मागच्या बाकांवरची उत्तरं सरसकट बरोबर धरतो, म्हणून संस्कृत यंदा सर्वांना सोपं जातंय.

पत्र मिळालं की कान दाखवायला ने. कडी वाजवू नकोस, सरळ आत ये आणि खांद्याला हात लाव.

घर पडेल याची भीती नाही गो. पडल्यावर तुम्ही हाका माराल, मग गप्प राहून कानोसा घ्याल, आणि मी मातीखाली धडधाकट असून ओ देणार नाही. तुम्ही पुढे जाल. नियमाप्रमाणे बरोबरच जाल. मला त्याची भीती वाटते.

लोभ हाताच्या अंतरावर असू दे.

तुझा,
दामूकाका