मागच्या सीटचं मोजमाप

३ ऑक्टोबर
संकल्प. शाल्मलीला पहिल्या बाळंतपणासाठी आर्णीहून यवतमाळला आणायचं ते नव्या गाडीतून, आणि गाडी मी स्वतः चालवणार. आज लेकीच्या सासरी भर पंगतीत जाहीर करून टाकलं. जावई खूश. विहीणबाई कोकिळाताई एवढंच म्हणाल्या, नेजा तुमची पोरगी, पण सातव्यातच नेजा, आठव्यात आमी हलवू देत नाही. आठवा लागतो एक डिसेंबरला. दोन महिने हातात आहेत. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं मोजमापं घेतली, मुदत कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवू नये.

परतीच्या एसटीतून घाट पाहिला. कापसाचे ट्रक दोन्ही बाजूंनी फुगलेले, रस्ता जणू त्यांच्याच बापाचा. बाटलीभर पाणी प्यायलो. वांग्याची भाजी तिखट होती.

७ ऑक्टोबर
लायसन्स सापडलं. मुदत शिल्लक. फोटोतला माणूस आत्मविश्वासू वाटतो. खात्याच्या जीपमध्ये मी चालकाशेजारी बसायचो, पण लक्ष पूर्ण रस्त्यावर. तो सराव कुठे जातो? स्कूटर पाच वर्षांपूर्वी विकली ती ॲव्हरेज देत नव्हती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

१२ ऑक्टोबर
शोरूम. दोन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. एक लहान सेडान, एक मधल्या आकाराची, म्हणजे तिच्याहून मोठी. विक्रेता धनसिंग पुढचं दार उघडून उभा. मी मागे जाऊन बसलो. गर्भार मुलगी मागेच बसणार, तेव्हा मागची सीट हाच मूळ मुद्दा. बायकोची, पद्मजाची, शिवणाची टेप नेली होती. लहानीत गुडघ्यापुढे चार बोटं जागा, मोठीत वीतभर. पण मोठीची सीट खोल, उतरताना गुडघे कानाशी येतात. लहानीची उंच, खुर्चीवरून उठावं तसं उठता येतं, मात्र मांडी अर्धी अधांतरी राहते. धनसिंग म्हणाला, साहेब, स्टेअरिंग समोर असते. ऐकून घेतलं. अति घाई संकटात नेई.

पद्मजा तेवढ्यात चालकाच्या सीटवर बसून आरसा हलवत होती. केस नीट करत असावी.

२५ ऑक्टोबर
टेस्ट ड्राइव्ह. घरून पितळेचा गुंड पाण्याने काठोकाठ भरून नेला आणि मांडीवर घेऊन मागे बसलो. आधी लहानी. दोन गतिरोधकांत पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मोठीत फक्त मांडी भिजली. धनसिंग म्हणाला, साहेब, पोट अन् गुंड एक नसते. शास्त्रीय बुद्धीच नाही. दोन्ही गाड्या त्यानेच चालवल्या. गुंड धरून मी कसा चालवणार?

पद्मजा तीन आठवडे झाले, रोज चार ते पाच भजनी मंडळात जाते. डावा पाय दुखतो म्हणते. मांडी घालून बसायची सवय नाही तिला.

४ नोव्हेंबर, पहाटे
स्वप्न. घाट, मी चालवतोय, मागे शाल्मली. ब्रेक दाबायला पाय टाकला तर तिथे गुंड. घामाने बनियन ओलं.

दिवसभर तुलनात्मक तक्ता केला. एकतीस रकाने: डोकं टेकायची जागा, पाठीचा कोन, मधला उंचवटा, हात ठेवायला काय, मागे एसीचा वारा येतो का. अजून सात रकाने सुचताहेत. पद्मजा म्हणाली, तुमी गाडी घेऊन राह्यले का धरण बांधून राह्यले?

१४ नोव्हेंबर
पद्मजाने परस्पर लहानी पक्की केली. कारण विचारलं तर म्हणे, तिचं नाक पुढून नीट दिसते, अन् मोठी आपल्या फाटकातून शिरत नाही. फाटक मी मोजलं नव्हतं. आणि नाकाचा माझ्या तक्त्यात रकानाच नाही.

१६ नोव्हेंबर
गाडी दारात. नारळ, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. लिंबं चिरडायला गाडी हातभर पुढे घ्यायची होती. धनसिंगने घेतली. मी फोटोसाठी मागे बसलो होतो. उद्यापासून रोज सकाळी सराव.

१७ नोव्हेंबर
थंडी.

१८ नोव्हेंबर
गाडी चालू केली. बंद केली. इंजिन उत्तम आहे.

२१ नोव्हेंबर, सकाळी सहा
निघालो! फाटकातून बाहेर, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे बकरी आडवी आली. ब्रेक दाबला, गाडी आचका देऊन बंद पडली. बकरी निवांत निघून गेली. माझे हात मात्र स्टेअरिंगवरून सुटेनात.

तेव्हाही बकरीच होती. स्कूटरवर शाल्मली मागे बसलेली, मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. तिच्या उजव्या कोपरात सळई बसवावी लागली. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. भीती वाटते. आता तर ती एकटीही नाही. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही.

गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो. तासाभराने पाहतो तर गाडी अंगणात सरळ लावलेली. किल्ली आतच राहिली होती, कोणा भल्या माणसाने आणून लावली असावी. पद्मजाला विचारलं तर म्हणाली, देवच आहे पाठीशी.

२७ नोव्हेंबर
कंबर धरली आहे. म्हणजे धरल्यासारखी वाटते. अशा कंबरेने घाट उतरणं बेजबाबदारपणाचं. आणखी तीन दिवस निघाले की आठवा लागतो, मग नववा लागेपर्यंत प्रश्नच मिटला. रूढी म्हणजे रूढी, विहीणबाईंचा मान ठेवलाच पाहिजे. शाल्मलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं बाबा, मी राह्यते इथंच.  फोन मात्र तिने ठेवला नाही, मीही नाही.

सुटलो. जेवण गेलं नाही. लेक माहेरी यायची वाट पाहत होती आणि मी मेला तारखा मोजत होतो.

३० नोव्हेंबर
सकाळी सात वाजता पद्मजा साडीला पिन लावून अंगणात उभी. हातात किल्ली आणि कोरं करकरीत लायसन्स. भजनी मंडळ वगैरे काही नव्हतंच, चार ते पाच मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता. बकरीपाशी सोडलेली गाडीही तिनेच आणली होती. मी म्हणालो, माझी कंबर. ती म्हणाली, कंबर घेऊन बसा मांगं.

घाटात चाळीसचा वेग. मागे कापसाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देतोय, पद्मजा ढिम्म. तिने ब्रेक दोनदा लावला, दोन्ही वेळा मी ओरडलो. आर्णीला कोकिळाताईंनी शाल्मलीची ओटी भरली, पद्मजाच्या हातात किल्ली पाहिली, आणि मला चहात साखर जास्त घातली.

निघताना मी मागचं दार उघडून उभा राहिलो. सीटवर उशी ठेवली होती, पाठीला चादरीची गुंडाळी, सगळं तक्त्याप्रमाणे. शाल्मली म्हणाली, बाबा, मले मांगं मळमळते, मी पुढं बसते आईजवळ. बसली. आणि पोटाला जागा हवी म्हणून सीट जाईल तेवढी मागे सरकवली.

तिच्या मागे मी, मांडीवर उशी. घाट लागला तसे मी डोळे मिटले. दोन सीटांमधून तिचा हात मागे आला, कोपरावर पांढरा व्रण असलेला तोच हात, आणि माझी बोटं धरून म्हणाली, बाबा, हा कवाचा बरा झाला. तुमीच राह्यले बरे व्हायचे. मला रडू आलं. पद्मजाला आरशात दिसलं असणार, पण तिने लक्ष रस्त्यावर ठेवलं. चांगली चालवते.

मोजमाप: मांडी अधांतरी, गुडघ्यापुढे दोन बोटं. यवतमाळपर्यंत काही त्रास झाला नाही.