उदाहरण क्रमांक ११४

३ मार्च, सोमवार
दोनशे चौदापैकी एकशे सत्तर लाल! वर मॅनेजरबाई म्हणतात, "महिनाअखेरीस सगळी हिरवी आणि त्यावर मूळपुरुषांची सही. मगच तुम्ही कायम." सहा महिन्यांचं प्रोबेशन आता या मॅन्युअलवर टांगलेलं.

नवऱ्याने विचारलं, "तू दिवसभर नक्की काय करतेस गं?" सांगितलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये कोडची उदाहरणं आहेत. पाककृतीच्या पुस्तकातला प्रत्येक पदार्थ छापण्याआधी करून बघावा, तसं मी प्रत्येक उदाहरण मशीनवर चालवून बघते. जमलं तर हिरवं, फसलं तर लाल. तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं कोणी करूनच बघितलं नव्हतं?" नव्हतं!

४ मार्च, मंगळवार
उदाहरण ९ आजची तारीख दाखवतं. खाली छापलेलं उत्तर: अकरा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. आजही मंगळवारच. तेवढं जुळलं.

६ मार्च
उदाहरण ५२ च्या मधोमध तीन टिंबं. म्हणजे "बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच". मशीनला ठाऊक नाही. मलाही नाही.

शेवटी मूळपुरुषांकडे गेले. (सॉफ्टवेअरही यांचं, मॅन्युअलही यांचंच, म्हणून सगळं ऑफिस पाठीमागे हेच नाव घेतं. समोर "सर".) "सर, या टिंबांच्या जागी काय होतं?" चष्म्यावरून बघत म्हणाले, "विचार करणाऱ्याला कळतं." डोकं भणभणलं. जागेवर येऊन पाणी प्यायले.

१२ मार्च, बुधवार
एकच लाल उरलं. ११४. मेल कशी पाठवायची, ते. पाठवणारा: धाकटा. घेणारा: ताई, पुढे पत्ता. मजकूर: "ताई, त्या दिवशी माझं चुकलं." सरांनी चूक कबूल केल्याचा उभ्या ऑफिसातला हा एकमेव पुरावा! सगळे म्हणतात, गमतीने लिहिलंय. मेल अगदी नीट तयार होते, पण ती पाठवायची शेवटची ओळच नाही.

सरांना सांगितलं तर खेकसले, "११४ ला हात लावायचा नाही. ते दाखवण्यापुरतं आहे."

दाखवण्यापुरतं! आणि खाली ठसठशीत छापलंय — "मेल गेली." कुठे गेली?

१३ मार्च
घातली ओळ. हिरवं! २१४ पैकी २१४!!

मग दिवसभर बारीकसारीक डागडुजी. स्वल्पविराम, शीर्षकं. काहीही बदललं की मशीन सगळी उदाहरणं पहिल्यापासून चालवतं. दर वेळी हिरवं. स्वतःवर जाम खूष.

१४ मार्च, शुक्रवार
मेले.

तपासणीच्या इनबॉक्समध्ये उत्तर आलंय! "धाकट्या, कालपासून एकोणीस वेळा 'माझं चुकलं' म्हणालास. उभ्या जन्मात एकदा म्हणाला नव्हतास. ताप आहे का? घर तेच आहे. बेल बिघडलीय, दार वाजव."

पत्ता खरा आहे. ताई खरी आहे! आणि मी त्या बाईला एकोणीस वेळा —

आधी तपासणी बंद केली. हे उत्तर फक्त मी पाहिलंय. एक बटण दाबलं की पुसलं जाईल, सोमवारी सही, मंगळवारी मी कायम. बोट बटणावर होतं, खोटं कशाला लिहू? पण ती तिकडे वाट बघत असणार ना!

छापून सरांसमोर ठेवलं. म्हटलं, "सर, ती शेवटची ओळ मी घातली." त्यांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला. म्हटलं, गेली नोकरी.

"एकोणीस का?"

"मी एकोणीस वेळा बदल केले, सर. स्वल्पविराम वगैरे."

"एवढे स्वल्पविराम चुकले होते माझे?"

बॅग उचलली आणि निघून गेले. दुपारी चार वाजता! सहाच्या आत त्यांना खुर्चीतून उठलेलं कोणी पाहिलेलं नाही.

नवरा म्हणाला, "दुसरीकडे अर्ज टाकून ठेव." धीर देण्यात याचा हात कोणी धरणार नाही.

१७ मार्च, सोमवार
सर आले नाहीत. सही नाही. मॅनेजरबाई माझ्या टेबलाशी येऊन, "अहो, या माणसाने आजवर एक रजा घेतली नाही! काय झालं असेल?"

मी म्हटलं, "ताप असेल."

१९ मार्च, बुधवार
टेबलावर मॅन्युअलच्या मंजुरीचा कागद. सही केलेला. सहीखेरीज एक अक्षर नाही.

मॅन्युअल उघडलं तर उदाहरणं २१३. बदलांच्या नोंदीत पाहिलं. आज सकाळी नऊ वाजता ११४ सरांनी स्वतः काढून टाकलंय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय — "प्रत्यक्ष जाऊन सांगितलं."