वैष्णवीने हात वर केला

नाशिकरोड, रविवार

तीर्थरूप नानांना उज्वलाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सोमनाथदादाबरोबर वणीला ही चिठ्ठी पाठवतेय. आम्ही उद्या आधी तुमच्याकडेच येतो. वैष्णवी बरी आहे, कुठे लागलेलं नाही.

व्हॉलीबॉलची फायनल मात्र हरलो. समोरच्या मुलीने मारलेला बॉल बाहेर गेला आणि पंचांनी पॉइंट आपल्याला दिला. तेवढ्यात आपल्या वैष्णवीने हात वर केला. "सर, बॉल माझ्या बोटांना लागून गेला." तो पॉइंट त्यांना गेला आणि मॅच तिथेच संपली.

तिच्या संघातल्या मुली तिच्याशी बोलत नाहीत. तिचे पप्पाही नाराज आहेत. एवढंच म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं का?"

ती म्हणाली, "पण पप्पा, लागला होता."

थोडंसं जेवली. रडली नाही, त्याचीच मला काळजी वाटते.

आईचे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेते ना?

नाना, पोरगी सारखी विचारतेय, "नाना काय म्हणतील?" ती जिंकली की गल्लीत पेढे वाटणार होतात ना तुम्ही? ते उद्या वाटाच, तिच्याच हातून.

तुमची
उज्वला