तीन टेकड्यांचं निळं फूल

१ ऑगस्ट, सकाळी साडेसात
आजपासून पहाटे पाचला उठणे. (आजचा दिवस धरू नये.) सात वर्षं झाली, यंदा थीसिस संपवणारच. तसा संपल्यातच जमा आहे. निळं रानफूल, फक्त तीन टेकड्यांवर उगवतं. टेकड्या एकमेकींपासून लांब, तेव्हा तिन्हीकडची फुलं जनुकांनी वेगळी असणारच. फक्त सिद्ध करायचं राहिलंय.

९ ऑगस्ट
नेहमीप्रमाणे पहिली टेकडी करून तसाच दुसरीवर. जनुकं तपासायला पानं गोळा केली. दुसरीवर साठ झाडं! सुरुवातीला चार होती. मी येतो म्हणून फुलतात, असं बायकोला म्हटलं. ती "असेल" म्हणाली.

१७ ऑगस्ट
तिसरीच्या पायथ्याशी गेलो. गुडघा. उद्या नक्की.

२५ ऑगस्ट
तिसरीची पानं शेवटी वनरक्षकानंच आणून दिली. तिथे अकराच झाडं आहेत म्हणे. "साहेब, सात वर्षांत एकदाही वर नाही आलात?" म्हटलं, लांबून पाहिलं की नजर निष्पक्ष राहते.

५ ऑक्टोबर
लॅबचा रिपोर्ट. तिसरीची झाडं एकदम वेगळी. म्हटलं नव्हतं? पहिली आणि दुसरी मात्र सारखी. लॅबचा घोळ. गाईड मॅडमना तसं कळवलं.

६ ऑक्टोबर
मॅडमनी बोलावलं. माझाच नकाशा पुढे सरकवला. दुसरीवरची झाडं सगळी माझ्या पायवाटेच्या कडेनं. म्हणाल्या, "पहिलीच्या बिया तुम्हीच नेल्यात, कपड्यांना चिकटून. तिथली मूळची झाडं गेली त्या गर्दीत."
घरी बायकोला विचारलं. सात वर्षं माझ्या मोज्यांतून बिया उपटतेय म्हणे. मग बोलली का नाहीस?
"बोलले होते. तू थीसिस लिहीत होतास."
दुसरीवरच्या त्या मूळच्या चारांपैकी एकाच्या पाकळीवर पांढरा ठिपका असायचा. यंदा दिसला नाही. हे मॅडमना सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर
खचायचं कारण नाही. एकट्या माणसानं अख्खी टेकडी फुलवली! आणि तिसरी शुद्ध राहिली ती कोणामुळे? मी न गेल्यामुळे. उद्यापासून तिसरीचा स्वतः सखोल अभ्यास.

९ ऑक्टोबर, सकाळी अकरा
पायथ्याशीच वनरक्षकानं हात जोडले. मॅडमच्या शिफारशीवरून प्रवेशबंदी. शाळेच्या सहली चालतात. फाटकावर नोटीस, त्यात एकच नाव. माझं.
सात वर्षांत माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं. आडनाव चुकलंय.