शांत झोपणारी मुलं

सोमवार
आज रुजू झाले! ज्यांच्या हाताखाली भूल द्यायला शिकले, त्या सरांनीच बोलावून घेतलं. दुर्मीळ जनुकीय आजार घेऊन जन्मलेल्या मुलांचं हे रुग्णालय. कुणाचा जबडा इवलासा, कुणाची मान ताठ, कुणाचं हृदय नाजूक. बाकीचे भूलतज्ज्ञ हात लावायला कचरतात, ती पोरं सर लीलया सांभाळतात. माझी लेक चिमणीही त्यांतलीच. ती पाच वर्षांची असताना छातीच्या ऑपरेशनला सरांनीच भूल दिली, म्हणून आज ती आहे. मी तेव्हा शेजारी बसून हसत तिचा हात थोपटत होते. नव्या घराच्या खिडकीत स्वारी खूश आहे. बोलता येत नाही, पण हातवाऱ्यांनी घर डोक्यावर घेते. आता तिचं दुसरं ऑपरेशनही इथेच.

बुधवार
सरांच्या टेबलावर एकही मूल दगावलेलं नाही म्हणे. आज एका मुलीच्या मणक्याचं ऑपरेशन. डोळ्यांवर चिकटपट्ट्या, घशात नळी, पोर निपचित. मध्येच नाडी धावायला लागली. पट्टीखालून पाणी ओघळलं. भूल वाढवू का, असं विचारलं. सर म्हणाले, या मुलांचं असंच असतं गं पोरी.

गुरुवार
तीच मुलगी. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, शुद्धीवर आल्यापासून डोळे मिटायला तयार नाही. मी जवळ बसले. तुटक शब्दांत तिनं एक विनोद सांगितला. काल ऑपरेशन चालू असताना सर्जननं सांगितलेला. आम्ही सगळे खळखळून हसलो होतो.

शुक्रवार
सरांनी चहा ढवळत सांगितलं. झोपेचं औषध या हृदयांना पेलत नाही, म्हणून ते देतच नाहीत. फक्त अंग लुळं करायचं देतात. कळतं सगळं, हलता येत नाही. पण जगतात ना, म्हणाले. आणि बहुतेकांना बोलता येत नाही —
चिमणीचं विचारलं. म्हणाले, मग ती वाचली कशी असं वाटलं तुला?

शनिवार
सर्जनला माहीत. नर्सला माहीत. मावशींनाही. फक्त आम्हा आयांनाच —
तेव्हा सरांचे हात धरून रडले होते मी. उपकार म्हणून.
ऑपरेशन रद्द केलं. सामान बांधतेय.

रविवार
चिमणीला विचारलं, तेव्हा तुला कळत होतं?
तिनं माझे डोळे मिटले. तोंडावर तळवा दाबला. मग नखानं माझ्या छातीवरून, खाली, सावकाश —
म्हटलं, आई तिथेच होती, बाळा. तुझा हात धरून.
तिनं मान डोलावली. माहीत आहे. माझा डावा हात घेऊन थोपटायला लागली. मी तेव्हा थोपटत होते तसा. हसत. मी हसत होते तशी. अजून थोपटतेय — सोड म्हटलं — जोरात — सोडत नाही, नखं —